जाड्या-रड्या आणि हशासाठी राखलेली जागा

प्रश्न असा आहे: आठ वर्षांच्या पुतणीला तुम्ही लॉरेल-हार्डीचा ‘द म्युझिक बॉक्स’ लावून दिलात, तर ती आणि तिच्या दोन मैत्रिणी हसून हसून गादीवरून खाली आल्या. तोच लघुपट तुम्ही रात्री जेवणानंतर एकट्यानं मोबाइलवर पाहिलात आणि तो तुम्हाला इतका संथ वाटला की दहाव्या मिनिटाला जांभई आली. मग नव्वदहून जास्त वर्षं लोकांना यात दिसतंय तरी काय? आणि तुमच्या ग्रुपला दोन पात्रांची विनोदी शॉर्टफिल्म करायची आहे, तर यातून काय उचलावं?

अर्धं उत्तर तुम्हीच लिहून टाकलंय. त्या तिघी होत्या, तुम्ही एकटे होतात.

मी सत्तावीस वर्षं एडिटिंग करते. पहिली काही वर्षं स्टीनबेकवर (फिल्म पाहत पाहत कापायचं टेबलासारखं यंत्र), हातमोजे घालून, फिल्म कापून आणि चिकटवून. नंतर बाकी सगळ्यांसारखी कॉम्प्युटरवर. त्यामुळे विनोदाबद्दल मला जे कळतं ते एडिटिंग टेबलाच्या बाजूनं कळतं. नटांना विचाराल तर ते वेगळं सांगतील, आणि तेही खरंच असेल.

कराडला लहानपणी गणपतीत रस्त्यावर पडदा लावून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पडद्याच्या पलीकडे पोतं टाकून बसायचो. तिथून सगळं उलटं दिसायचं. पाट्या उलट्या, हिरो डावखुरा. मुख्य सिनेमाची पेटी यायला उशीर झाला की चार्ली नाहीतर ‘जाड्या-रड्या’चं एखादं रीळ लावून गर्दी थोपवून धरायचे. त्यांना पडद्याची कुठलीही बाजू चालायची. दोन्हीकडचे लोक एकाच वेळी हसायचे, आणि पलीकडून आलेला हशा ऐकून आम्ही पुन्हा हसायचो. हे नुसतं स्मरणरंजन म्हणून सांगत नाहीये, पुढे लागणार आहे.

नावावरून आठवलं. जर्मनीत ही जोडी ‘जाडा आणि मठ्ठ’ म्हणून ओळखली जाते, स्पॅनिशमध्ये ‘जाडा आणि बारीक’. मराठीनं एकाचं शरीर घेतलं आणि दुसऱ्याचं रडणं. बारसं अगदी बरोबर झालं असं मला वाटतं, कारण लॉरेल बारीक आहे हे दोन मिनिटांत डोळ्यांआड होतं. डोकं खाजवत, भुवया उंचावत, तोंड वाकडं करून तो रडायला लागतो ते विसरता येत नाही. गंमत म्हणजे स्वतः लॉरेलला ते रडणं फारसं आवडत नसे. प्रेक्षकांना आवडतं म्हणून तो ते करत राहिला.

आता तुमच्या ‘संथ’कडे येते.

स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी यांची जोडी १९२७ साली हॅल रोच यांच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत जुळली. त्याआधी दोघंही बरीच वर्षं सुटेसुटे काम करत होते. लॉरेल इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनचा, जन्म १८९०, खरं नाव आर्थर स्टॅनली जेफरसन. फ्रेड कार्नोच्या मंडळीबरोबर १९१० मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्याच मंडळीत चार्ली चॅप्लिन होता आणि लॉरेल त्याचा बदली नट. हार्डी जॉर्जिया राज्यातल्या हार्लेम गावचा, जन्म १८९२. अभिनयात येण्याआधी तो मिलेजव्हिलच्या एका सिनेमाघरात प्रोजेक्टर चालवायचा. एक रंगमंचावरून आलेला, दुसरा प्रोजेक्टरच्या खोलीतून. प्रेक्षक कधी हसतात हे दोघांनीही वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहिलेलं होतं.

रोचच्या स्टुडिओत कामावर देखरेख करणारा लिओ मॅकरी हा माणूस इथे महत्त्वाचा. त्या काळी मूकविनोदी लघुपट म्हणजे पळापळ. पोलीस धावतायत, गाड्या आदळतायत, पाच सेकंदांत तीन माणसं पडतायत. मॅकरीनं या दोघांसाठी उलटं केलं: वेग उतरवला. एक माणूस पडला की लगेच दुसरी घटना नाही. तो पडलेला माणूस उठेल, टोपी शोधेल, टोपीवरची धूळ झटकेल, मित्राकडे पाहील, मग आपल्याकडे पाहील, मग मोठा श्वास सोडेल. आणि मगच पुढचं.

हार्डीचं ते कॅमेऱ्याकडे पाहणं आठवा. सिनेमात नटानं कॅमेऱ्यात पाहायचं नसतं, हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम. हार्डी बेधडक पाहतो. ‘बघताय ना, कसल्या माणसाबरोबर मला दिवस काढावे लागतात ते!’ एवढं सगळं त्या नजरेत असतं. तो आपल्याला साक्षीला बोलावतो. आणि साक्षीदाराला हसायला वेळ मिळतो.

तो वेळ अंदाजानं ठरवलेला नव्हता. तयार लघुपटाची प्रत लॉस एंजेलिसच्या आसपासच्या थिएटरात नेऊन खऱ्या प्रेक्षकांना दाखवायची, कुठे किती हसतात ते पाहायचं, आणि परत येऊन कापाकापी करायची, अशी त्यांची पद्धत होती. हार्डीला काम संपलं की गोल्फ खेळायला जायचं असे. लॉरेल मात्र रिचर्ड करियर आणि पुढे बर्ट जॉर्डन अशा एडिटरांबरोबर बसून असायचा. हशा मोठा असेल तर हार्डीच्या नजरेचा शॉट लांबवायचा, छोटा असेल तर आखडायचा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम असतात आणि बोलपट सेकंदाला २४ फ्रेमनं धावतो, म्हणजे सेकंदाला दीड फूट. तीन सेकंदांची नजर म्हणजे साडेचार फूट फिल्म. दोन रिळांचा आख्खा लघुपट जेमतेम वीस मिनिटांचा. त्यात साडेचार फूट एका जाड्या माणसाच्या वैतागलेल्या चेहऱ्यावर खर्च करायला छाती लागते.

आपल्या नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पंच पडला, हशा आला, तो ओसरायला लागला की मगच पुढचं वाक्य घ्यायचं. हशावर बोलणारा नट स्वतःचंही वाक्य घालवतो आणि समोरच्याचंही. पण नाटकातला नट रोजच्या प्रेक्षकाप्रमाणे थांबू शकतो. फिल्म एकदा कापली की कापली. तिला गोरेगावात थांबून कोल्हापुरात पळता येत नाही. म्हणून लॉरेलनं एसटीतल्या माणसासारखं केलं: खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकून ठेवला. या जागेवर हशा येऊन बसणार आहे.

तुम्ही एकटे मोबाइलवर पाहत होतात तेव्हा ती बस रिकामी होती. रुमाल टाकलेल्या सगळ्या सीटा तशाच राहिल्या. ‘संथ’ वाटलं ते यामुळे. पुतणी आणि तिच्या मैत्रिणींनी मात्र प्रत्येक जागा भरली, आणि एकीचा हशा ओसरायच्या आत दुसरीचा आला.

मी हे एकदा करूनच पाहिलं होतं. एका वर्कशॉपमध्ये मुलांना ‘टाइट’ या शब्दाचं फार वेड होतं. सगळं टाइट करा मॅडम. म्हटलं, करा. ‘द म्युझिक बॉक्स’ घ्या आणि जिथे जिथे तुम्हाला रेंगाळल्यासारखं वाटतं तिथे कापा. मुलांनी मन लावून कापलं. एकूण एकोणतीस मिनिटांतली जवळजवळ दहा मिनिटं वाचली. पडणं एकही गेलं नव्हतं. पियानो तितक्याच वेळा घसरत होता. मग कँटीनमधल्या आणि ऑफिसातल्या मंडळींना बोलावून ती आवृत्ती दाखवली. पहिल्या दोन मिनिटांत हसले, नंतर नुसते बघत बसले. शेवटी ऑफिसातले एक काका म्हणाले, “बिचाऱ्यांना फारच लागतंय हो.” पाहा, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. थांबणं काढून टाकलं की विनोदातून दुखापत वर येते. टोपी झटकणं, टाय सारखा करणं, वैतागून बघणं, यातून तो माणूस आपल्याला कळवत असतो की हाडं शाबूत आहेत, फक्त अब्रू गेली. ते कापलं की उरते नुसती मारहाण.

‘स्लॅपस्टिक’ या शब्दातही हेच आहे. जुन्या इटालियन लोकनाट्यात दोन पट्ट्या जोडून केलेली एक काठी असायची. मारली की फटकन मोठा आवाज, लागत काहीच नाही.

दुसरी गोष्ट, दोघांच्या नात्याची. विनोदी जोडीचा नेहमीचा साचा असा की एक शहाणा, एक वेडा. शहाणा प्रश्न विचारतो, वेडा उत्तरं देतो. आपल्या तमाशातल्या बतावणीतही बऱ्याचदा तेच. लॉरेल-हार्डीत शहाणा कुणी नाहीच. लॉरेल बावळट आहे आणि त्याला ते माहीतही नाही, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. हार्डी त्याच्याइतकाच बावळट आहे, पण त्याची ठाम समजूत अशी की या दुनियेत अक्कल फक्त आपल्याला आहे. ‘सरक, तुला नाही जमायचं, मी करतो’ म्हणत तो पुढे होतो आणि वीट त्याच्याच डोक्यात पडते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा ही म्हण कुणी माणसाच्या आकारात ओतली असती तर तिला ती आखूड मिशी आणि तो टाय असता.

म्हणून मार खातो तो हार्डी. बारीक माणसाला जाड्यानं झोडपलं असतं तर दोन रिळांत आपल्याला जाड्याचा राग आला असता. इथे शिक्षा नेमकी तोऱ्याला होते. आणि एवढं होऊनही ते एकमेकांना सोडून जात नाहीत. हे कुठेच बोलून दाखवलेलं नाही. त्यांची अदबही बघा. दार उघडल्यावर हार्डी टोपी काढून आधी ‘मी मिस्टर हार्डी आणि हे माझे स्नेही मिस्टर लॉरेल’ अशी ओळख करून देतो, मग त्या घराचं वाटोळं करतो. हे लघुपट बहुतेक १९२७ ते १९३५ मधले, म्हणजे त्यातली पाच-सहा वर्षं महामंदीची. दोघं कधी हमाल, कधी मासे विकणारे, कधी धुराडं साफ करणारे, कधी नुसतेच बेकार. पण डोक्यावर गोल टोपी, गळ्यात टाय, कॉलर ताठ. खिशात दमडी नाही पण चारचौघांत नीट दिसायचं, हा प्रकार आपल्या चाळींना आणि वाड्यांना नवा नाही. आजही नाही.

‘बिग बिझनेस’ हा १९२९ चा मूकपट जरूर पाहा. दोघं कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात दारोदार ख्रिसमसची झाडं विकतायत. जेम्स फिनलेसन या मिशाळ, एक डोळा बारीक करून पाहणाऱ्या नटाच्या दारात जातात. त्याला झाड नकोय. दार लावताना झाड दारात अडकतं, पुन्हा बेल. मग कोट अडकतो, पुन्हा बेल. शेवटी तो कात्री आणून झाडाचे तुकडे करतो. तिथून जे सुरू होतं ते घर आणि गाडी दोन्ही भुईसपाट होईपर्यंत थांबत नाही.

पण भांडणाची रीत बघा. एक जण नासधूस करत असताना दुसरा अडवत नाही. उभा राहून बघतो, त्याचं संपू देतो, मग ‘अच्छा, असं होय?’ अशा चेहऱ्यानं पुढे होतो आणि आपली पाळी घेतो. यांनी दाराला हात लावला, त्यानं घड्याळ फोडलं. यांनी टेलिफोनची वायर कापली, त्यानं गाडीचा दिवा उपटला. भाऊबंदकीत बांधाच्या दगडावरून पंचवीस वर्षं चालणारे दावे तुम्ही पाहिले असतील, तर हे वीस मिनिटांत पाहायला मिळेल. समोर एक पोलीस येऊन गाडीत बसतो आणि वहीत टिपणं काढतो. तोही अडवत नाही! हसू मोडतोडीचं नाहीच. मोडतोडीतल्या शिस्तीचं आहे. आणि मुलांना ते लगेच कळतं, कारण ‘त्यानं आधी केलं’ हे त्यांचं रोजचं कायद्याचं पुस्तक आहे.

एकमेकांवर पाय (म्हणजे अंगावरचे नव्हेत, खायचे, क्रीम भरलेले) फेकण्याच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चं (१९२७) हेच. तीन हजारांच्या आसपास क्रीमचे पाय त्यात फेकले गेल्याचं सांगतात. गंमत अशी की या लघुपटाचं दुसरं रीळ कित्येक दशकं हरवलेलं होतं. १९५७ साली निघालेल्या एका संकलनपटात त्यातले निवडक तुकडे घेतले होते, तेवढेच लोकांनी पाहिलेले. त्यात नुसती फेकाफेक. २०१५ मध्ये एका संग्राहकाला ते रीळ १६ मिलिमीटरच्या प्रतीवर मिळालं, तेव्हा मधले श्वास परत आले: पाय अंगावर बसलेला गृहस्थ चष्मा पुसतो, कुणी मारला ते शोधतो, शांतपणे गाडीपाशी जातो, एक पाय निवडतो. शेवटी अनिता गार्विन ही नटी फुटपाथवर घसरून एका पायवर बसते. काय झालंय ते तिला कळतं, पण उठून ती आब राखत चालायला लागते आणि एकदाच, अगदी हळूच, पाय झटकते. तीन हजारांमधला हा माझा सगळ्यात आवडता पाय.

बोलपट आले तेव्हा पुष्कळ मूकविनोदवीर कोलमडले. हे दोघं तरले, आणि नुसते तरले नाहीत तर त्यांना एक नवं हत्यार मिळालं. १९२९ मधल्या पहिल्या बोलपटापासूनच त्यांना उमगलं की आपटणं दाखवायलाच हवं असं नाही. हार्डी दारातून आत जातो. कॅमेरा बाहेर लॉरेलवर. आतून धडाम, काचा, डबे, सगळं पडून झाल्यावर शेवटी एक झाकण घरंगळत राहतं… राहतं… थांबतं. आणि हार्डीची ती लांबलचक किंकाळी. लॉरेलचा चेहरा तेवढा वेळ नुसता पाहत असतो. सेट मोडायचा खर्च वाचला, आणि प्रेक्षकाच्या डोक्यातली पडझड कुठल्याही सेटपेक्षा मोठी निघाली.

त्याच काळात परदेशी बाजारासाठी ते तेच लघुपट स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियनमध्येही पुन्हा शूट करत. भाषा येत नव्हत्या. कॅमेऱ्याच्या बाजूला फळ्यावर उच्चार लिहिलेले असत आणि ते वाचत. इटलीतल्या लोकांना ते मोडके उच्चार इतके आवडले की पुढे डबिंग करणारे इटालियन नटही मुद्दाम चुकीच्या ढबीत बोलू लागले.

आता ‘द म्युझिक बॉक्स’. १९३२ सालचा, दिग्दर्शक जेम्स पॅरट, तीन रिळांचा. लघु विनोदपटांसाठी ऑस्कर त्याच वर्षी सुरू झालं आणि पहिलं यालाच मिळालं. गोष्ट एका ओळीची: खोक्यात बंद केलेला पियानो एका उंच जिन्यावरून वर न्यायचाय. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात व्हेंडोम रस्त्यावरचा तो जिना अजून आहे, १३३ पायऱ्यांचा. याच कल्पनेवर त्यांनी १९२७ मध्ये कपडे धुण्याचं यंत्र घेऊन एक मूकपट केला होता. तो आज कुठेच उपलब्ध नाही.

एडिटर म्हणून मला या लघुपटाचा हेवा वाटतो तो भूगोलामुळे. जिना एकदा पूर्ण दाखवला. खाली रस्ता, वर घर, मध्ये पायऱ्या. एवढं डोक्यात बसलं की पुढची तेरा-चौदा मिनिटं प्रेक्षकाला काहीही समजावून सांगावं लागत नाही. खोकं वर असेल तर ते खाली येणार हे आठ वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. प्रश्न एवढाच की आता कुणामुळे. बाबागाडी घेऊन एक आया उतरते, तिला वाट द्यायला गेले आणि खोकं सुटलं. पोलीस आला, तेव्हा सुटलं. मग ते प्राध्यापकमहाशय, नावाच्या मागेपुढे पदव्यांची रांग, ‘मी बाजूनं जाऊ? मी?’ म्हणून अडून बसलेले. बिली गिल्बर्टनं ते काम असं केलंय की शिरा ताणलेल्या दिसतात. लॉरेल त्यांची टोपी उडवतो, ती घरंगळत रस्त्यावर जाते आणि एका गाडीखाली चपटी होते.

घामाघूम होऊन एकदाचे वर पोचतात. तिथे पोस्टमन भेटतो आणि सांगतो, अहो, पलीकडून रस्ता आहे की, गाडी थेट दारापर्यंत येते. यावर ते काय करतात? पियानो उचलून पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरतात, गाडीत घालतात आणि रस्त्यानं वर आणतात. इथे हार्डी कॅमेऱ्याकडे पाहत नाही. दोघांनाही ते पूर्णपणे योग्यच वाटतंय. वेळ देण्याचा नियम जसा कळायला हवा, तसा इथे तो का मोडलाय तेही बघा: ज्या मूर्खपणाची त्यांना जाणीव नाही, तिथे वैताग नाही.

आणि शेवटी, पियानो घरात उभा केल्यावर, तो आपोआप वाजणारा पियानो सुरू होतो आणि ही दोन ओबडधोबड माणसं पसारा आवरता आवरता नाचायला लागतात. मिनिटभर. हार्डी किती हलका नाचतो ते बघून माझ्या विद्यार्थ्यांपैकी नृत्य शिकलेल्या एका मुलीनं तो तुकडा चारदा मागे घेऊन पाहिला होता. मग घरमालक येतो. तेच प्राध्यापक. त्यांना पियानोचा तिटकारा आहे, ते कुऱ्हाड घेतात. मध्येच पियानो राष्ट्रगीत वाजवतो तर सगळे सावधान उभे राहतात. गीत संपलं की कुऱ्हाड पुन्हा चालू.

सगळंच गोड आहे असं नाही म्हणणार. बायका त्यांच्या लघुपटांत बहुतेक वेळा लाटणंधारी कजाग, किंवा मग लाथ खाणाऱ्या. ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये लॉरेल बाबागाडीवाल्या आयाला लाथ मारतो, ती आज मला टोचते (ती बाई परतफेड करते, हे तरी बरं). पुतणीबरोबर पाहताना त्यावर बोला, पळवू नका.

१९४० नंतर रोचचा स्टुडिओ सोडून हे दोघं मोठ्या स्टुडिओंकडे गेले. माणसं तीच, टोप्या त्याच, पण लॉरेलला एडिटिंगच्या खोलीत कुणी विचारेना. ते सिनेमे लावून पाहा. प्रसंग मागून प्रसंग धावतो, एकाही सीटवर रुमाल नाही. म्हणूनच मी म्हणते की ही जोडी तिघांची होती: जाड्या, रड्या आणि एडिटिंग टेबलाशी बसलेला लॉरेल. हार्डी १९५७ मध्ये गेला. त्यानंतर लॉरेल साडेसात वर्षं जगला, पण कॅमेऱ्यापुढे पुन्हा उभा राहिला नाही.

आता तुमच्या ग्रुपचं. त्यांची नक्कल करू नका. गोल टोप्या आणि टाय फिरवणं कॉलेजच्या गॅदरिंगला ठीक आहे. एक जागा, एक वस्तू, एक काम घ्या. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गोदरेजचं कपाट चढवायचंय, एवढंही पुष्कळ झालं. जिना पहिल्या मिनिटात नीट दाखवा. दोघांपैकी कुणालाही हुशार करू नका; एकाला फक्त तसा समज असू द्या. शूट करताना पडून झाल्यावर ‘कट’ म्हणायच्या आधी मनात आठपर्यंत मोजा. नटांना सांगा, पडणं संपलं की काम सुरू होतं. आणि पडण्याचा प्रत्येक शॉट आधी गाद्या घालून, हळू, पुनःपुन्हा बसवा. शाबूत गुडघे ही निर्मितीखर्चातली पहिली बचत आहे.

कच्चं एडिट झालं की ते बारा-पंधरा माणसांना एकत्र बसवून दाखवा. मित्र नकोत, ते कशालाही हसतात. सोसायटीतले काका-काकू, वॉचमन, मुलं. फोन मागे ठेवून खोलीतला आवाज रेकॉर्ड करा, तो फिल्मच्या खाली टाइमलाइनवर जुळवून लावा. हशा कुठे सुरू होतो, कुठे शिखरावर जातो, कुठे विरतो ते तरंगांच्या आकारात डोळ्यांना दिसेल. पुढचा कट हशा उतरायला लागल्यावर, पण पुरता विरायच्या आधी. दुसऱ्यांदा दाखवा, वेगळ्या माणसांना. लॉरेल याहून वेगळं काही करत नव्हता, फक्त त्याच्याकडे तरंग नव्हते, कान होते.

तुम्ही म्हणाल, आमची फिल्म लोक मोबाइलवर एकेकटेच पाहणार. खरंय, आणि यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी स्वतः अशा कामात थांबे थोडे आखडते, पण त्यांची संख्या कमी करत नाही, आणि थांब्यात चेहरा रिकामा ठेवत नाही. त्यावर काहीतरी हळूहळू उमजत असलं पाहिजे. एकट्या माणसाला हसू येत नसेल तर निदान बघायला काहीतरी मिळतं.

जुने लघुपट पाहताना एक काळजी घ्या. इंटरनेटवर त्यांच्या रंगवलेल्या, वर भलतंच संगीत चढवलेल्या, वेग वाढवलेल्या प्रती पुष्कळ आहेत. आधी लांबी बघा. ‘द म्युझिक बॉक्स’ एकोणतीस मिनिटांच्या आसपास, ‘बिग बिझनेस’ एकोणीसच्या आसपास. बरीच कमी दिसली तर मध्ये कुणीतरी टाइट करून ठेवलंय असं समजा.

रविवारी पुतणीला आणि मैत्रिणींना ‘बिग बिझनेस’ लावा. टीव्हीवर, मोबाइलवर नको. तुम्ही बाजूला बसा आणि फिनलेसन कात्री आणायला आत जाईल तेव्हा पडद्याकडे न बघता त्या तिघींकडे बघा. दार बंद आहे, पडद्यावर काहीच घडत नाहीये. त्या काय करतात ते मला कळवा.